आठवी ओ

१

“…हात परत केलाच नाही म्हणे तिने. आणि आता तो हात रोज सकाळी…”

एवढंच कानावर पडलं. जिन्याच्या वळणावर इस्त्रीवाली आणि तळमजल्यावरची शिंपीण डोक्याला डोकं लावून उभ्या होत्या. माझी बादली कठड्याला टण्णकन लागली आणि दोघी गप्प झाल्या. शिंपीण माझ्याकडे बघून इतकं गोड हसली की मला कळलं, विषय माझ्या शेजारणीचा आहे.

आता हा माझा अपमानच झाला. या वसाहतीत कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणाच्या घरात आठ दिवस अबोला आहे, हे लोक मला विचारायला येतात. आणि माझ्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या बाईची बातमी मला जिन्यात, तीही अर्धी मिळावी? मी बादली खाली ठेवली, बाह्या सारल्या आणि सरळ विचारलं, कुणाचा हात? इस्त्रीवाली म्हणाली निखारे विझतील, आणि सटकली. शिंपिणीला एकाएकी कुणाचा तरी झगा आठवला.

शेजारीण म्हणजे ओतारीण. तिचा नवरा ओतशाळेत मुशीतला वितळलेला धातू ओतायचा, म्हणून तो ओतारी आणि ही ओतारीण. दोन महिन्यांपूर्वी तो गेला, छातीत धूर साचून. त्याचा उजवा हात तर चार वर्षांपूर्वीच उकळत्या मुशीने घेतला होता, मनगटापर्यंत. त्या जागी ओतशाळेने त्याला जित्या धातूचा हात ओतून दिला. माणूस गेला की असा हात तीन दिवसांत परत द्यायचा, हा ओतशाळेचा नियम. अंगात राहिलेला धातू शिकतो, त्याला बाहेर मोकळा ठेवू नये, असं म्हणतात. ओतारीण पेटी घेऊन गेली तेव्हा मी गॅलरीतच उभी होते. या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग परत न केलेला हात कुठला?

२

सकाळी उठल्यावर माझं पहिलं काम हजेरी. ज्यांच्या घरात जिता धातू आहे त्या सगळ्यांचंच. मुक्या धातूचं काही मागणं नसतं. खिळे, पत्रे, पातेली, ठेवाल तिथे राहतात. जित्याचं तसं नाही. त्याला चीर गेली तर तो ती आपली आपण बुजवतो, थंडीत हाताला ऊब देतो, पण रोज सकाळी त्याला बोटाच्या पेराने एक ठोका द्यावा लागतो. मग तो ओ देतो. बारीकसा नाद असतो, प्रत्येकाचा वेगळा. ठोका नाही मिळाला तर चार-पाच दिवस काही होत नाही. मग पळीला आपण पळी आहोत याचा विसर पडू लागतो. माझी नणंद एकदा महिनाभर घराला कुलूप लावून गेली. परत आली तर खिडकीचे गज मेणासारखे ओघळून खाली एकमेकांच्या गळ्यात पडले होते.

माझ्याकडे सात नग. दाराची कडी, खिडकीचे गज, पाण्याचं पिंप, पळी, सुरी, दिव्याची खुंटी आणि आमच्या ह्यांच्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय. हात न थांबवता मी एका दमात सातही ठोकते, आणि सात जण ओ देतात. कितीतरी वर्षं हे असंच चाललंय. चहाचं पाणी उकळायच्या आत उरकतं.

त्या सकाळी ओ आठ आल्या.

मी पळी हातात धरून तशीच उभी राहिले. चहा उतू गेला. ह्यांना विचारलं, काही ऐकलंत का? आमच्या ह्यांनी तीस वर्षं ओतशाळेचा भोंगा वाजवला. त्यामुळे डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही, आणि उजव्या कानाने ऐकायचं नसतं. ते म्हणाले चहा उतू गेलाय, आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

मोजण्यात चूक झाली असेल, म्हटलं. शाळेत मी सातवीपर्यंतच गेले, पण आठापर्यंत मोजता येतं मला. तरी म्हटलं, असेल चूक.

३

दुसऱ्या दिवशी एकेकाला ठोकलं आणि मध्ये थांबले. पिंप झालं, गज झाले, खुर्ची झाली. एका ठोक्याला एकच ओ. मग कडीला ठोकलं. कडीची ओ मला पाठ आहे, वाटीच्या काठावर चमचा लागावा तशी. ती आली. आणि तिच्या पाठोपाठ तशीच, थोडी जाड, भिंतीतून आली. ओतारणीच्या बाजूच्या भिंतीतून, कमरेच्या उंचीवर.

पडसाद असेल. पण ही भिंत काल बांधलेली नाही. इतकी वर्षं नव्हता तो पडसाद आताच कुठून उगवला? नळ असेल म्हणावं, तर नळ पलीकडच्या बाजूला. उंदीर असेल म्हणावं, तर कडीच्याच सुरात बोलणारा उंदीर मी तरी पाहिलेला नाही. मी पुन्हा ठोकलं आणि नाद चालू असतानाच कडी तळव्याने घट्ट दाबली. कडी थांबली. भिंतही थांबली, त्याच क्षणी.

याचा अर्थ मला माहीत होता. ओतारी लोकांत एक रीत आहे: एक ओत, एक घर. एका मुशीतून ओतलेला धातू दोन घरांत जाऊ द्यायचा नाही. तुकडे कितीही केले तरी ते स्वतःला एकच समजतात. एकाला ठोकलं की दुसरा ओ देतो, एकाला धरलं की दुसरा गप्प बसतो. म्हणून मुशीच्या तळाला उरलेलं पुन्हा भट्टीत टाकायचं, कितीही थोडं असलं तरी.

चार वर्षांपूर्वी माझी जुनी कडी तुटली होती. त्याच आठवड्यात ओताऱ्याचा हात ओतला गेला. पुढल्या सोमवारी तो नव्या हातात नवी कडी घेऊन दारात उभा. म्हणाला, “वहिनी, मुशीत एवढंसं उरलं होतं. स्वतःच्या हातातलं उरलेलं भट्टीत टाकवेना. बसवून देतो, पण कुणाला सांगू नका.” मला सांगतोय, कुणाला सांगू नका! आणि गंमत म्हणजे, जन्मात मी कुणाला सांगितली नाही अशी ती एकच गोष्ट.

तेव्हा भिंतीत काय आहे हे मला कळलं होतं. कळलं नव्हतं ते हे, की आवाजाची जागा का बदलते. तिसऱ्या दिवशी ओ छातीच्या उंचीवरून आली. पाचव्या दिवशी खांद्याच्या.

४

सहाव्या दिवशी दुपारी मी पांढऱ्या दोऱ्याचं रीळ मागायला म्हणून ओतारणीकडे गेले.

खोली स्वच्छ होती. टेबल, दोन खुर्च्या, नीट अंथरलेली खाट. आमच्या सामाईक भिंतीशी, कोपऱ्यात, छतापासून जमिनीपर्यंत जाड कापड टांगलेलं. भट्टीपुढे ओतारी बांधतात त्या कापडाचे तुकडे जोडून शिवलेला पडदा होता तो. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि फळ्यांकडे पाहिलं. फळ्या रिकाम्या होत्या. धुरकटलेल्या लाकडावर गोल गोल फिकट डाग होते, लहान, मोठे, मध्यम, ओळीने. पातेली आणि डबे इतकी वर्षं जिथे उभे होते ते डाग. तिच्याकडचं मुकं भांडं एकही उरलं नव्हतं.

मी दोऱ्याचं बोलायला तोंड उघडलं.

“वहिनी, दोरा नकोय तुम्हाला,” ती म्हणाली.

“नकोय,” मी म्हटलं. “पेटीत काय नेऊन दिलंस?”

ती खुर्चीवर बसली. बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण बसली अशी की जणू मी शाळेतली मुलगी आणि ती मास्तरीण. तिने सगळं सांगितलं, लपवाछपवी न करता. पेटीत मुक्या लोखंडाचा हात होता, नवऱ्याच्या साच्यातून तिने स्वतः ओतलेला. ओतशाळेने तो जमा करून घेतला. पण परवा तो मुशीत टाकला तेव्हा तो निमूट वितळला. जिता धातू वितळताना ओरडतो. हा ओरडला नाही. म्हणून उद्या सकाळी तपासनीस येणार होता, आमच्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्या बघायला.

मी तिला समजावलं. म्हटलं, अगं, हात सापडला तर तो जाईलच, वर खोलीही जाईल. ओतशाळेची खोली आहे. आज आपणहून नेऊन दे, मी येते बरोबर, रडून दाखवू दोघी.

“एका माणसाचे हात किती वेळा घ्यायचे, वहिनी?” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “पहिला त्यांच्या मुशीने घेतला. दुसरा त्यांनी दिला, आणि त्याच हाताने मरेपर्यंत काम करून घेतलं. आता तोही हवा. नाही देणार. खोली घेऊ देत.”

मी समजावणं सोडलं. मला गप्प बसवणारी माणसं थोडी.

मग ती पुढे झुकली, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा मऊ झाला. हात वाढतोय, म्हणाली, या आठवड्यात आपणहून भिंतीशी सरकलाय. आधी मनगट आलं, मग कोपर. भांडी तिने आपल्या हाताने त्याच्याजवळ ठेवली, एकेक करून. येतोय तो, म्हणाली. कोण, ते मी विचारलं नाही. पडद्याआड बघू दे म्हटलं, तर नको म्हणाली. पुरा झाला की दाखवीन.

निघताना पडदा हलल्यासारखा वाटला. खिडकी बंद होती. पण दाराची फट होती, आणि दाराच्या फटीतून वारा येतोच, असं मी स्वतःला सांगितलं.

५

तपासनीस सकाळी आठाला आला. बुटका, घामेजलेला माणूस, हातात पुरुषभर लांबीची दांडी. तो ती जमिनीवर आपटायचा आणि तिचा नाद खोलीभर पसरायचा. त्या नादाला खोलीतला सगळा जिता धातू एकदम ओ देतो. ओ मोजायच्या आणि यादीशी ताडून बघायच्या. कमी असेल तर चालतं, वस्तू मरतात. जास्त असेल तर चोरी.

ओतारणीच्या यादीत पाच नग होते.

मी काय करणार हे मी ठरवलं नव्हतं, खरंच सांगते. रात्री मनाशी म्हटलं होतं, आपण यात पडायचं नाही. नसती उठाठेव, या वयात खोली गेली तर ह्यांना घेऊन जाऊ कुठे? सकाळी पलीकडचं दार वाजलं, तपासनिसाचा आवाज आला, “बाई, ते कापड बाजूला करा,” आणि ओतारीण म्हणाली, “त्यामागे माझी अंघोळीची जागा आहे. तुम्ही दांडी आपटा आणि मोजा, तेवढंच तुमचं काम.” ती घाबरल्यासारखी बोलली नाही. दारातून कुत्र्याला हाकलावं तशी बोलली. आणि मी उठून माझी कडी दोन्ही हातांनी धरली.

दांडी आपटली. भिंतीतून नाद माझ्या पायात आला. माझी खुर्ची, माझं पिंप, सगळं कुजबुजायला लागलं. कडी तळव्याखाली तापली. घशात अडकलेल्या शब्दासारखी ती धडपडत होती आणि मी दाबत होते, सगळा भार देऊन.

“पाच,” पलीकडे तपासनीस म्हणाला. जरा थांबून पुन्हा म्हणाला, “पाचच.” त्याला आनंद झाल्यासारखं वाटलं नाही.

मग माझं दार वाजलं.

दांडीचा नाद लवकर मरत नाही. भिंतीत तो अजून होता, मला टाचांत जाणवत होता. कडी सोडली असती तर पलीकडे सहावी ओ आली असती. मी म्हटलं, येते, थांबा. आमचे हे वर्तमानपत्राआडून मोठ्यांदा म्हणाले, कडी धरून काय उभी आहेस, उघड की! बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही. मी त्यांच्याकडे असं बघितलं की तीस वर्षांचा संसार त्यांना आठवला असावा. ते पुन्हा वर्तमानपत्रात गेले.

एका हाताने कडी तशीच धरून मी ती सरकवली आणि दार उघडलं. तपासनीस आत आला. मी दाराशी टेकून उभी राहिले, मुठीत कडी. त्याने दांडी आपटली.

आणि कडीने माझा हात धरला.

कसं सांगू? मुठीच्या आत कडी दुभंगली, आणि माझ्या बोटांच्या मधून बोटं आली. एक, दोन, तीन, चार. आजारी माणूस उशाशी बसलेल्या माणसाचा हात धरतो तशी, घट्ट. दुखत नव्हतं. मी खाली बघितलं नाही. खाली बघितलं असतं तर ओरडले असते, आणि मग सगळंच संपलं असतं. मी तपासनिसाच्या घामट कपाळाकडे बघत राहिले.

“सहा,” तो म्हणाला. “यादीत सात आहेत.”

“कडी मेली,” मी म्हटलं. “तुमच्याच ओतशाळेची. चार वर्षांत मेली. बदलून मिळायचा अर्ज तुमच्याकडे द्यायचा की फाटकावर? बसता का, आत्ताच लिहिते. मला वेळ लागतो लिहायला, पण मी पूर्ण लिहिते.”

त्याने माझ्या मुठीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मीही हात हलवला नाही. शेवटी तो म्हणाला, “फाटकावर द्या,” आणि दांडी खांद्यावर टाकून पुढच्या खोलीकडे गेला.

बोटं लगेच सुटली नाहीत. पुढल्या तीन खोल्यांतली दांडी ऐकून होईपर्यंत मी तशीच उभी होते. मग एकेक करून सुटली, करंगळी शेवटी.

६

मी तशीच पलीकडे गेले. ओतारीण दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. मला वाटलं होतं, उठून मिठी मारेल. ती म्हणाली, “कडी तुम्ही धरलीत.”

मी म्हटलं, हो. तुला माहीत होतं कडीचं?

ती म्हणाली, तो जिवंत होता तेव्हा रोज सकाळी झोपेत त्याच्या त्या हाताची बोटं हलायची, आवाज मात्र व्हायचा नाही. एकदा तिने विचारलं, काय होतं? तर तो हसून म्हणाला, काही नाही, वहिनी उठल्या.

चार वर्षं! रोज सकाळी मी त्या माणसाच्या हातावर ठोकत होते, आणि तो कूस बदलून पुन्हा झोपत होता. 

“काल पुरं झालं नव्हतं म्हणून दाखवलं नाही,” ती म्हणाली. “आज पहाटे मी बघितलं. तुम्हीही बघा.”

तिने पडदा वीतभर बाजूला केला.

सकाळचं ऊन होतं, म्हणजे अंधारात नीट दिसलं नाही असं मला म्हणता येत नाही. पाठ होती. खांदे होते, उकळायला ठेवलेल्या पाण्याच्या तळासारखे बारीक थरथरणारे. डोकं होतं, केस नसलेलं, गुळगुळीत, त्यात वाकडीतिकडी खिडकी दिसत होती. ते सगळं माझ्या भिंतीला चिकटून उभं होतं, डोकं एका बाजूला कलतं करून. आम्ही दोघी उभ्या होतो त्या बाजूला चेहरा नव्हताच. एक कान भिंतीला टेकलेला होता. दुसरा, डावा, आम्हा दोघींकडे होता. त्या कानाची पाळी खालून दुभंगलेली होती.

मी सात वर्षांची असताना माझी डावी पाळी तुटली. जड डूल कठड्यात अडकलं होतं. माझा हात आपोआप कानाकडे गेला.

ओतारणीने पडदा सोडला.

“अठरा वर्षं मी त्याचे कान पाहिलेत,” ती म्हणाली. “हे त्याचं नाही, वहिनी. मी हाक मारते, ठोकते, डोकं टेकून बसते. मला ओ देत नाही. तुमच्याच ठोक्याला उठतो, आणि तुमच्याच भिंतीकडे जातो.”

मी म्हटलं, मी उद्यापासून कडीला ठोकणार नाही. विसरून जाईल ते सगळं, महिनाभरात ओघळून जाईल. तू सुटशील.

तेव्हा तिने माझा दंड धरला. “नाही,” ती म्हणाली. “त्यांना दिला नाही तो मी असा जमिनीवर ओघळू देणार नाही. माझ्याकडे पाठ करून का होईना, घरात आहे. तुम्ही ठोका.”

७

संध्याकाळी जिन्याच्या वळणावर दोघी माझी वाटच बघत होत्या. तपासनीस हात हलवत परत गेला हे सगळीकडे झालं होतं. शिंपिणीने या वेळी अर्धं ठेवलं नाही. म्हणाली, तो हात रोज सकाळी ओतारणीची वेणी घालतो म्हणे, खरं का?

आता माझ्याकडे अख्खी बातमी होती आणि विचारणारी माणसं समोर उभी होती.

“घालत असता तर बरं झालं असतं,” मी म्हटलं, आणि वर आले. दोघींना त्याचा काय अर्थ लागला कुणास ठाऊक. अर्धी गोष्ट त्यांची खरी होती. अर्धी इतकी चांगली होती की ती खरी असायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं पाणी ठेवलं आणि कडीपुढे उभी राहिले. कडी साधी होती, सरळ, बोटं वगैरे काही नाही. एक ठोका नाही दिला तर कुणाला कळणार होतं? ह्यांना तर नाहीच. भीती होतीच, नाही असं म्हणणार नाही. पण त्या घामट माणसाची दांडी आठवली, आणि रिकाम्या फळ्यांवरचे ते गोल डाग आठवले, आणि मला राग आला. म्हटलं, हात त्यांनी नेला नाही, तो काय माझ्या भित्रेपणाने जायचा? मी बोट वाकवलं.

ठोकायच्या आधीच भिंतीतून ठोका आला.

ओ नव्हती ती. ठोकाच होता, पेराचा, माझ्या कानाच्या उंचीवर. मग शांतता. पिंप, पळी, गज, कुणीच काही बोललं नाही. हजेरी घेणारा थांबतो तसं ते थांबलं होतं. पुन्हा एक ठोका आला. या वेळी जरा हळू, उत्तर न देणाऱ्याला दुसऱ्यांदा द्यावा तसा.

मी कडीकडे बघितलं, ह्यांच्या वर्तमानपत्राकडे बघितलं. मग भिंतीशी गेले, गार चुन्यावर डावा कान टेकवला, आणि ओ दिली.